मिटलेलें पुस्तक

गेल्या दिवाळीपर्यंत आमचा आठ वर्षांचा नातू पुस्तक हातीं पडलें कीं जेवणाचीहि शुद्ध विसरत असे. पुढें मात्र पुस्तक दिसतांच तो अंगण गांठूं लागला. दोष आम्हीं प्रथम मोबाईलच्या माथीं मारला. मुलांच्या बाबतींत दोष बाहेर शोधणें वडीलधाऱ्यांस नेहमींच सोयीचें असतें!

एके रात्रीं त्याला जवळ घेऊन कारण विचारलें. तो म्हणाला, "आजोबा, मी वाचूं लागलों कीं तुम्ही चुका मोजतां." आम्ही निरुत्तर झालों. श, ष, स यांचे उच्चार शुद्ध व्हावेत म्हणून आम्ही त्यास प्रत्येक ओळींत अडवीत होतों आणि वर गोष्टीचा सारांशहि विचारीत होतों. गोष्टीचा रस आम्हींच आटविला होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं क्रम बदलला. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' आम्ही निजण्यापूर्वीं स्वतः वाचून दाखवूं लागलों. पुस्तकाची मांडणीच रात्रींच्या क्रमानें आहे; तेव्हां रोज एकच रात्र. प्रश्न नाहींत, परीक्षा नाहीं.

तेराव्या रात्रीं आमचा चष्मा सांपडेना. नातवास धीर धरवेना. त्यानें पुस्तक ओढून घेतलें व अडखळत स्वतःच वाचूं लागला. दोन उच्चार चुकले. आम्हीं ओंठ घट्ट मिटून घेतले.

गोडी राहिली तर शुद्धता मागाहून येते. गोडी गेली तर दोन्ही जातात, एवढेंच वडीलधाऱ्या वाचकांस सुचवावेंसें वाटतें.