पेजेचे मोल

मातोश्री रुग्णालयात असताना शेजारच्या खाटेवरील एकाकी वृद्धेस आम्ही रोज पेज देत असू. ख्रिस्ताविषयी तिच्याशी दोन शब्द बोलावेत, असे मनात होते. एके दिवशी तिने विचारले, "याचं काय द्यायचं?" आमचे शब्द ओठांतच राहिले. त्या क्षणी बोललो असतो, तर तेच पेजेचे मोल ठरले असते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आम्ही वर्गात अनेकदा शिकविली. त्यांतील एका अंतराचा अर्थ मात्र तेव्हा उमगला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधला काळ विरहाचा, मनस्तापाचा. पतीजवळ राहावयास आल्यावरही त्यांनी सोवळे लगेच सोडले नाही. आधार हवा होता. पण श्रद्धा त्या आधाराची परतफेड म्हणून आली नाही, स्वतःच्या विचारातून आली.

पुढे वृद्धेनेच विचारले, "डोळे मिटून काय म्हणता?" तेव्हा आम्ही सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, विठ्ठलाचे नाव घेतले आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशीही आम्ही पेज नेली.