ऑर्व्हलच्या दरीतील एक पेला

बेल्जियमच्या दक्षिण टोकास, फ्रान्सच्या सीमेलगत, वनराईने वेढलेल्या एका दरीत ऑर्व्हलचा मठ उभा आहे. शरद ऋतूतील एका दुपारी आम्ही सपत्नीक तेथे पोहोचलो. नव्या मठाच्या शेजारीच जुन्या मंदिराचे भग्न खांब उभे आहेत आणि त्या अवशेषांत एक झरा आजही वाहतो. आख्यायिका अशी की, माटिल्डा नावाच्या विधवा सरदारणीची विवाहमुद्रिका या झऱ्यात पडली. तिने प्रार्थना केली, तोच एक मासा मुखात ती अंगठी घेऊन वर आला. "ही तर सोन्याची दरी!" असे ती उद्गारली व त्यावरून स्थळाचे नाव पडले. तो अंगठीधारी मासा आज मठाच्या बाटलीवर छापलेला दिसतो. कारण या मठात बिअर तयार होते.

हे कळताच आमची पत्नी झऱ्याकाठीच थबकली. तिच्या माहेरची भातशेती दारूपायी गेली, हे आमच्या आप्तांना ठाऊक आहे. ती म्हणाली, "अहो, ज्या वस्तूने माझ्या वडिलांचे घर बुडाले, ती देवाच्या माणसांनी का करावी?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न उठला असता, म्हणून त्या दिवशी जे पाहिले ते येथे सांगतो.

या ठिकाणी 1070 च्या सुमारास प्रथम मठवासी आले आणि 1132 मध्ये सिस्टर्शियन संघाने येथे वस्ती केली. 1793 मध्ये फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने मठ जाळला. पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तेथे गवत माजले. 1926 मध्ये मारी-आल्बेर व्हान डर क्राउसेन या मठवाशाच्या नेतृत्वाखाली पुनर्बांधणीस आरंभ झाला. परंतु दगड, चुना व मजुरी यांस पैसा हवा. म्हणून 1928 मध्ये चीज करण्यास प्रारंभ झाला व 1931 मध्ये बिअरचा कारखाना उभारण्यात आला. 1948 मध्ये नवे मठबांधकाम पूर्ण झाले. भिक्षेच्या झोळीइतकाच घामाचाही त्यात वाटा होता. मठवाशांनी आपल्या हातांच्या श्रमावर जगावे, हे संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकातच आपल्या नियमावलीत सांगून ठेवले आहे.

ही बिअर त्या काळी एक प्रयोगच होती. मोड आणून वाळवलेल्या जवाचा अर्क प्रथम आंबवतात. नंतर हॉप नावाच्या वेलीची कोरडी फुले त्यात काही आठवडे मुरत ठेवतात. ही इंग्लंडातील रीत. शेवटी तीत ब्रेटॅनोमायसीस नावाचे रानटी किण्व असते. डेन्मार्कमधील क्लाउसेन या शास्त्रज्ञाने 1904 मध्ये त्यास हे नाव दिले. द्राक्षरस करणारे बहुतेक लोक या किण्वाला शत्रू मानतात, कारण ते पिंप नासवते. येथे मात्र तेच योग्य वेळी, योग्य मापाने कामास लावतात. माडाची सूर घालून सणासाठी सान्नांचे पीठ फुगवणाऱ्या आपल्या आजीला हे सहज समजले असते: आंबण्याचीही एक वेळ असते, ती चुकली की पीठ वाया जाते.

मठाजवळ 'राखणदार देवदूत' अशा अर्थाच्या नावाचे एक उपाहारगृह आहे. आम्ही तेथे एक ताजी व एक जुनी बाटली मागवली आणि दोहोंतील थोडी थोडी चाखली. ताजीचा रंग नारिंगी, फेस दाट, वास संत्र्याच्या सालीचा, आणि कडूपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळणारा. जुनीत कडूपणा निवला होता. त्याजागी वाळलेल्या गवताचा व जुन्या चामड्याचा गंध आला होता. गोडवा दोहोंतही जवळजवळ नव्हता. बाटलीवर मद्यार्क 6.2 टक्के लिहिलेला आहे. म्हणजे ते सरबत नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पत्नीने केवळ मठाचे चीज व पाव घेतला. आम्ही आग्रह केला नाही.

संध्याकाळी तिच्या प्रश्नाकडे पुन्हा वळलो. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचे चाळिसावे प्रकरण पेयाच्या मापाविषयी आहे. दिवसाला सुमारे पाव लिटर द्राक्षरस पुरे, असे ते दुर्बलांकडे पाहून ठरवतात आणि तृप्तीपर्यंत पिऊ नये असे बजावतात. परंतु त्याच प्रकरणात ते म्हणतात की, ज्यांना देवाने वर्ज्य करण्याचे सामर्थ्य दिले त्यांना त्याचे खास फळ मिळेल. एकाच पानावर मापाला जागा आहे आणि त्यागालाही मान आहे. हे ऐकून पत्नी एवढेच म्हणाली, "म्हणजे माझ्या पाण्याच्या पेल्यालाही मठात जागा आहे."

हे मापच त्या कारखान्याचाही कणा आहे. 'ट्रॅपिस्ट' ही अधिकृत खूण मिळण्यास पेय मठाच्या आवारात व मठवाशांच्या देखरेखीखाली व्हावे लागते. आणि नफा मठाच्या निर्वाहास व दानधर्मास द्यावा लागतो. उत्तरेकडील आखेल मठात एकही मठवासी राहिला नाही, तेव्हा 2021 मध्ये तेथील बिअरची ती खूण गेली. पेय तेच, कृती तीच. प्रार्थना करणारी माणसे मात्र उरली नव्हती. आपल्या गावांतून पाचारणे कमी होत असताना ही वार्ता मनाला लागते.

रात्रीच्या अखेरच्या प्रार्थनेस आम्ही मंदिरात बसलो. काळोखात मठवाशांनी पवित्र मरियेचे स्तोत्र गायिले. पत्नीने वडिलांच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली. कितीतरी वर्षांनी प्रथमच रागाविना, असे तिने बाहेर आल्यावर सांगितले. उपाहारगृहाचे दिवे अद्याप जळत होते. आम्ही दुसरा पेला मागवण्यास गेलो नाही. थेट निवासाची वाट धरली.