सावडीचं देणं

भातलावणीच्या त्या रविवारी मी एका मुलीला बांधावरून बाजूला व्हायला सांगितलं. अकरा-बारा वर्षांची असेल. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात म्हशी हाकायची काठी. खाचरात तळेगावहून आलेली बारा कुटुंबं चिखलात उभी होती आणि मला फोटो काढायचा होता. "बाळा, जरा पलीकडे हो," एवढंच म्हणालो. आवाज चढवला नव्हता. ती काही न बोलता बांधावरून उतरली आणि म्हशींमागे गेली. त्या दिवसाच्या बाकीच्या चुका मला पिकाने दाखवल्या. ही मात्र बायकोने दाखवली, तीसुद्धा चार महिन्यांनी.

शेत माझ्या सासुरवाडीचं. मावळात, डोंगराच्या पायथ्याशी दोन एकर भातखाचरं, सासऱ्यांच्या मागे बायकोच्या नावावर आलेली. नोकरी सोडून मी त्यात उतरलो तेव्हा मनात एकच होतं: मुलांना भात कुठून येतो ते हाताने कळावं. 'परिसरातील कुटुंबांसाठी शेतशाळा' असं पत्रक छापलं. एका कुटुंबाला दोन गुंठे, पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं त्यांनी स्वतः करायचं, आणि त्या दोन गुंठ्यांतला तांदूळ त्यांचा. वर्षाची फी 3,000 रुपये.

परिसर म्हणजे माझ्या मनात तळेगाव आणि वडगावच्या सोसायट्या होत्या. आमच्या बांधापासून दोनशे पावलांवर साठ उंबऱ्यांचं गाव सुरू होतं, ते माझ्या परिसरात नव्हतं. गावात मी गेलो तो मजूर विचारायला. गावातल्या मुलांना शेती काय शिकवायची, ती तर त्यांना येतेच, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तिथल्या कितीतरी घरांत मुलगा पंधरा वर्षांचा झाला तरी त्याने नांगराची मूठ धरलेली नव्हती. आईवडिलांनीच त्याला खाचरापासून लांब ठेवलेलं, शिकून कारखान्यात लागावा म्हणून. हे मी एकदाही कुणाला विचारलं नाही.

आणि हे मी वाचलेलं नव्हतं असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला चालवलेल्या कुरणशाळेबद्दल मी भेटेल त्याला सांगत असे. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. केवढी साधी आणि केवढी मोठी गोष्ट! त्या बायांचं नाव घेणाऱ्या माझ्यापुढे गुरं राखणारी एक मुलगी आपणहून येऊन उभी राहिली होती.

लावणीची तारीख मी मे महिन्यातच ठरवली होती. 17 जुलै, रविवार. सगळ्यांना सुट्टी, बसही सांगून ठेवलेली. रोपवाटिकेत बी टाकलं 10 जूनला. पाऊस वेळेवर झाला आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात आजूबाजूच्या खाचरांतून चिखलणी सुरू झाली. इंद्रायणी भाताचं रोप 21 ते 25 दिवसांचं असताना लावायचं. त्या वयात उपटलं तर ते लवकर मुळं धरतं आणि त्याला फुटवे चांगले येतात. रोप गादीवाफ्यातच जून झालं की फुटव्यांचा काळ तिथेच सरतो. नंतर खत घाला, पाणी राखा, गेलेले फुटवे परत येत नाहीत. आमच्याकडे लावणीला येणाऱ्या मावशी दोनदा वाट वाकडी करून सांगायला आल्या. "दाजी, रोप जून व्हाया लागलंय. मंगळवारी घेऊ का उरकून?" मी म्हणालो, लोक रविवारी येणार आहेत. त्या "बरं" म्हणाल्या. गावाचा जावई म्हटल्यावर त्याला यापेक्षा जास्त कोण बोलणार? त्या आदरामागे काय राहून जातं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आम्ही लावलं ते रोप 37 दिवसांचं होतं.

लावणी कशी करायची ते मी पंधरा मिनिटांत सांगितलं. एका चुडात दोन-तीन रोपं, दोन बोटं खोल, सरळ. मुलांनी ऐकलं आणि आनंदाने चिखलात धावली. कुणी मूठच्या मूठ खोचली, कुणी कोपरापर्यंत हात घालून रोप पुरलं, कुणाचं नुसतं पाण्यावर तरंगत राहिलं. खोल गाडलेल्या रोपाची सगळी ताकद वर यायलाच जाते, हे मी सांगितलं नाही, कारण ते मला स्वतःलाच नीट ठाऊक नव्हतं. बांधावरून धावाधाव झाली. खेकड्यांनी आधीच पोखरलेला बांध एका जागी बसला आणि आमचं पाणी, मातीसकट, खालच्या खाचरात गेलं. खालच्या मालकाने संध्याकाळी येऊन तो स्वतः लिंपला. मी त्या वेळी पाहुण्यांना बसपाशी निरोप देत होतो.

सोमवारी सकाळी मी सात बायकांना रोजाने बोलावलं. त्यांनी तरंगणारी रोपं गोळा केली, गच्च चूड उपटून विरळ केले आणि दिवसभर वाकून जवळजवळ निम्मी लावणी पुन्हा केली. त्याच दिवशी मी सगळ्या कुटुंबांना रविवारचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'तुमच्या हातांनी लावलेलं तुमचं भात.' हे लिहिताना त्या सात जणी माझ्यापासून वीस फुटांवर होत्या. पुढचे चार महिने मुलं येऊन आपापल्या पाटीशी उभी राहायची, 'हे मी लावलं' म्हणायची, आणि मी मान हलवायचो.

माझा हिशेब असा होता: गुंठ्याला 40 किलो भात, दोन गुंठ्यांचं 80, भरडून 50 किलो तांदूळ. तोच आकडा पत्रकावर छापला होता. हाती आला सरासरी 28 किलो. लोकांना मी सांगितलं, यंदा पावसाने नेलं. लोकांनी मान्य केलं. शेतीचं असंच असतं म्हणाले, एका आजोबांनी तर माझी समजूत काढली. शेजारच्या खाचरांत त्याच पावसात नेहमीसारखं पिकलं होतं. पाऊस तोच, वाण तेच. आमच्या रोपाचे दोन आठवडे मी खाल्ले होते.

त्या रात्री बायको बोलली. ती याच खाचरांत वाढलेली. पत्रक छापण्याआधी तिने विचारलं होतं, "गावाला सांगितलंस का?" तेव्हा मी विषय बदलला होता. आता तिने त्या मुलीची आठवण काढली. ती मावशींची नात. आजीबरोबर दोन हंगाम लावणीला गेलेली, दोरी न लावता सरळ ओळ धरणारी. "तिला खाचरात उतरवलं असतंस तर तुझ्या बारा पोरांना तिने शिकवलं असतं," ती म्हणाली. एवढं बोलून भांडी घासायला गेली. मी बराच वेळ बाहेर बसून राहिलो.

जानेवारीत मी बाराही कुटुंबांना एकत्र बोलावून सगळं सांगितलं: जून झालेलं रोप, सोमवारची फेरलावणी, पावसावर ढकललेली तूट. एक आई म्हणाली, "माझ्या मुलाला आता काय सांगू?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आजही नाही. पाच कुटुंबं पुढच्या वर्षी आली नाहीत.

मग मी मावशींच्या ओट्यावर गेलो, विचारायला. त्यांनी आधी सावड समजावली. कोल्हापूरकडे हिलाच पैरा म्हणतात. तुझ्या शेतावर मी दिवस भरायचा, माझ्या शेतावर तू. पैसा नाही, पण देणं असतं, आणि कुणाचे किती दिवस कुणाकडे निघतात हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. सामुदायिक शेतीची माझी सारी कल्पना गावात माझ्या आधीपासून नांदत होती आणि मी तिथे पत्रक घेऊन गेलो होतो.

दुसऱ्या वर्षापासून लावणीचा दिवस मावशी ठरवतात, रोप हातात घेऊन, आणि निरोप आदल्या संध्याकाळी जातो. शिकवायचं काम त्यांचं आणि आणखी दोघींचं, आणि त्याचा मोबदला लावणीच्या रोजापेक्षा वेगळा ठरलेला आहे. गावातल्या मुलांना फी नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीप्रमाणे आम्ही 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आलटून पालटून खुणा केलेली दोरी वापरतो. खुणा मुलं मोजून करतात, शहरातली आणि गावातली एकत्र बसून. पंधरा वर्षांची, कधी चिखलात न उतरलेली गावातली दोन मुलं त्या दुसऱ्या वर्षी लाजत दोरीच धरून उभी राहिली. तिसऱ्या तासाला उतरली. मुलांसाठी आता दोनच खाचरं ठेवलेली असतात आणि त्यांच्या चुका त्यांच्यासमोरच दुरुस्त होतात. मावशी चूड उपटून दाखवतात, पुन्हा लावायला देतात. सोमवारी गुपचूप काही होत नाही.

बांधावरची ती मुलगी या नव्या पद्धतीच्या पहिल्या हंगामाला आली नाही. मी घरी जाऊन तिच्याशी बोललो, त्या दिवसाबद्दल माफी मागितली. ती आजीकडे बघत राहिली. यंदा ती आली, चार ओळी लावल्या आणि म्हशी आहेत म्हणून निघून गेली. मी थांबवलं नाही.

यंदा दिवस निघाला बुधवार. शहरातली चारच कुटुंबं येऊ शकली. अंधार पडेपर्यंत लावूनही तीन खाचरं राहिली, ती दुसऱ्या दिवशी सावडीने झाली. त्याबदल्यात आमच्या घराने सहा दिवस द्यायचे. चार दिवस बायको आणि मी दुसऱ्यांच्या खाचरांत लावणी करून फेडले. माझी ओळ वाकडी जाते, म्हणून मला दोन बायकांच्या मध्ये उभं करतात. अजून दोन दिवस निघतात, ते खालच्या खाचराच्या मालकाचे. त्याने कापणीला बोलावलंय.