विजेची सायकल आणि एकत्र कुटुंब

सायकल ही पुण्याकडील मध्यम स्थितीच्या कुटुंबांस नवी वस्तु नव्हे. एके काळीं पुण्याला सायकलींचें शहर म्हणत, आणि घरांतील एकच सायकल सकाळीं वडिलांना कचेरींत, दुपारीं मुलाला कॉलेजांत व सायंकाळीं एखाद्या पाहुण्याला स्टेशनावर पोंचवीत असे. आठवड्यास हवा आणि महिन्याकाठीं तेल, एवढीच तिची अपेक्षा. सीट खालींवर केली कीं ती ज्याची त्याची होई. आमच्या कुरकुंभच्या घरीं गेल्या वर्षीं जी सायकल आली, ती मात्र अशी सर्वांची होण्यास सहजासहजीं तयार नव्हती. तिला तशी करून घेण्यासाठीं घरांत जो खटाटोप झाला त्याची हकीकत वाचकांपैकीं कांहीं जणांना तरी उपयोगी पडेल, असें वाटतें.

कुरकुंभ हें दौंड तालुक्यांतील, पुणें-सोलापूर रस्त्यावरचें गांव. दौंडचें जंक्शन तेथून उत्तरेस सुमारें दहा किलोमीटर. हल्लीं हें नांव लोक ऐकतात तें तेथील रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळें. जुन्या मंडळींना तें फिरंगाई देवीमुळें ठाऊक असतें. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड आणि माळावर वाटा म्हणजे दगडगोटे व ओघळी. आमचे वडील बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, त्यांनी दौंडला रेल्वेच्या लोकोशेडांत नोकरी केली आणि सुटीच्या दिवशीं हा माळ पायांखालीं घातला. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. गुडघे त्याआधींच गेले होते. डॉक्टरांनी सांगितलें, रोज व्यायाम पाहिजे, पण चढावर छाती भरून येईल इतके श्रम नकोत. असा व्यायाम कुरकुंभच्या माळावर कोठून आणावयाचा? दादा ओसरीवर बसून राहूं लागले, आणि ज्यांनी त्यांना पूर्वीं पाहिलें आहे त्यांना तें बसणें पाहवत नसे.

तेव्हां पुण्यास नोकरीला असलेल्या त्यांच्या चिरंजीवानें ही सायकल घेतली. तिची मोटर पॅडलपाशींच असून पाय फिरत असतील तोंवरच ती मदत करते. पाय थांबले कीं तीही थांबते. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणें 250 वॅटपेक्षां कमी शक्तीच्या व ताशीं 25 किलोमीटरपेक्षां कमी वेगाच्या विजेच्या सायकलीला मोटार-वाहन समजत नाहींत, त्यामुळें नोंदणीची यातायात नाहीं. मात्र वजन 24 किलो, म्हणजे उंबरठ्यावरून आंत घ्यावयास दोन माणसें हवींत. वहिनींचा विरोध पहिल्या दिवसापासून होता, आणि त्यांचें म्हणणें टाकाऊ नव्हतें. अडुसष्टाव्या वर्षीं पडून खुब्याचें हाड मोडलें तर पुढें काय होतें, हें कोणत्या घरास ठाऊक नाहीं? दादांना पुन्हां एकट्याला माळावर जाऊं द्यावें कीं नाहीं, हा खरा प्रश्न होता; सायकल हें निमित्त.

या सायकलीला पुढें व मागें अशा दोन्हीकडे धक्के शोषणारी योजना आहे, आणि तीं कामें लोखंडी स्प्रिंग न करतां कोंडलेली हवा करते. येथेंच सारी मेख आहे. बसणाऱ्याच्या वजनानें सायकल ठराविक प्रमाणांत दबली पाहिजे. मागचा दांडा एकंदर 55 मिलिमीटर आंत जातो. नुसतें स्वस्थ बसल्यावर त्यांतले सुमारें 16 मिलिमीटर, म्हणजे शेंकडा तीसच्या आसपास दबावे, व पुढें 150 पैकीं तीसेक मिलिमीटर. मोजण्यासाठीं दांड्यावर रबराचें एक कडें असतें. तें वर सरकवून घ्यावयाचें, भिंतीला हात टेकून नेहमींच्या कपड्यांत बसावयाचें, अलगद उतरावयाचें आणि कडें किती सरकलें तें पट्टीनें पाहावयाचें. दादांचें वजन 84 किलो. त्यांना मागें 215 पौंडांचा दाब लागला. सूनबाईंचें 54, त्यांना 140 पुरला. चाकांत हवा भरण्याचा साधा पंप येथें चालत नाहीं. निराळा लहानसा, जास्त दाबाचा हातपंप लागतो, आणि हवा भरल्यावर सायकल दहावीस वेळां दाबून पुन्हां मोजावें लागतें, कारण आंतल्या दोन कप्प्यांत दाब सारखा व्हावयास तेवढी हालचाल हवी असते.

हवेचें झालें कीं परत येण्याच्या वेगाचें पाहावयाचें. दबलेला दांडा किती जलद उसळावा, हें एका लहानशा मळसूत्रानें ठरतें. दाब जास्त असेल तर उसळीही जोराची, म्हणून तिला अधिक आवरावें लागतें. नाहींपेक्षां ओघळींतून जातांना सीट म्हाताऱ्या माणसाला घोड्यासारखी वर फेंकते. फार आवरली तर दुसऱ्या धक्क्यापर्यंत दांडा वर येतच नाहीं व सायकल खालीं खालीं बसत जाते. आम्ही ही परीक्षा ओट्याच्या पायरीवरून केली. बसल्या बसल्या पायरी उतरली कीं सायकलीनें एकदांच वर येऊन स्थिर व्हावें, दोनदां डोलूं नये.

आतां पांच जणांच्या घरांत पांच वजनें. खुंटीला एक वही टांगली, तींत प्रत्येकाच्या नांवापुढें आंकडे लिहिले. तरी जें व्हावयाचें तें झालेंच. धाकट्या बंधूंचा मुलगा रविवारीं स्वतःच्या 155 पौंडांवर फिरून आला व सायकल तशीच ठेवून अभ्यासाला बसला. सोमवारीं दादा निघाले. त्यांच्या वजनाखालीं सायकल नको तितकी दबली, पॅडल खालीं आलें आणि एका दगडावर आपटलें. वेग नव्हता, म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलें. परंतु आठ दिवस सायकल कोठीच्या खोलींत कुलुपांत होती आणि किल्ली वहिनींच्या कमरेला. मुलगा रडकुंडीस आला होता, पण त्याला कोणी फार बोललें नाहीं. दादांनी तर मुळींच नाहीं. शेवटीं ठरलें तें असें, कीं सोमवार ते शनिवार सायकल दादांची. रविवारीं कोणीहि न्यावी; पण संध्याकाळीं दादांच्या आंकड्यावर आणून वहींत सही करावी.

बाकीची निगा त्या मानानें सोपी. माळावर बाभळीचे कांटे व सराटे इतके कीं ट्यूब टिकत नाहीं. म्हणून ट्यूब काढून टायरमध्यें छिद्र बुजविणारा पातळ रस घातला आहे. उन्हाळ्यांत तो सुकतो, दोन-तीन महिन्यांनी नवा घालावा लागतो. चेनवर पायांचा व मोटरचा असा दुहेरी ताण येतो, त्यामुळें ती लौकर ताणते. मापपट्टीनें शेंकडा अर्धा भाग ताण दिसला कीं ती बदलावी, नाहींतर दांत्यांचीं चक्रेंही खराब होऊन खर्च वाढतो. चिकट तेल घातलें तर मुरमाच्या धुळीशीं मिसळून त्याची कानस होते. सायकल जोराच्या फवाऱ्यानें धुऊं नये, पाणी बेअरिंगांत शिरतें. ओलें फडकें पुरे. फडक्याचें काम दादांनी स्वतःकडे घेतलें आहे. लोकोशेडांतल्या माणसाला चकाकणारा दांडा पुसून ठेवण्यांत काय सुख होतें, तें त्यालाच ठाऊक.

बॅटरीच्या बाबतींत मात्र घरानें फार चर्चा केली. या जातीच्या बॅटऱ्या 1991 सालापासून बाजारांत आहेत व त्यांच्या शोधाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना 2019 सालीं नोबेल पारितोषिकही मिळालें. पण बिघडल्यास त्या जळतात आणि ती आग आवरत नाहीं. कारखान्यांच्या आगी पाहिलेल्या गांवाला हें निराळें सांगावें लागत नाहीं. बॅटरी चार्ज करावयाची ती दिवसा, ओसरीच्या फरशीवर, कोणी जागें असतां, तिच्याच चार्जरनें. वैशाखांत फिरून आल्यावर ती आधीं निवूं द्यावयाची. सगळे पुण्यास जाणार असूं तर ती निम्मी भरलेली, थंड जागीं ठेवावयाची. जिन्याखालीं ठेवण्याची सूचना वहिनींनी फेंटाळली. रात्रीं वाट अडली तर माडीवरचीं मुलें उतरणार कशीं?

दादा सध्यां सकाळीं सहाला निघून देवीच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत जातात व तासाभरानें परततात. निघण्यापूर्वीं वहिनी चष्मा लावून रबराचें कडें पाहतात. सोळाचे अठरा झाले तर पंप आणवतात. पुढच्या काट्याचें तेल दर पन्नास तासांनी बदलावें लागतें, तें पुतण्या शिकला आहे. मागचा शॉक मात्र दोनशें तासांनी उघडून पुण्याच्या जाणत्या कारागिराकडेच द्यावा लागतो. ते दोनशें तास येत्या मार्गशीर्षांत भरतील आणि सायकल पंधरा दिवस घरीं नसेल. त्या पंधरा दिवसांत दादांना ओसरीवर बसूं द्यावयाचें नाहीं, एवढें ठरलें आहे. त्यांच्याबरोबर कोणी कोणत्या दिवशीं चालावयास जावयाचें, तें वहींत लिहावयाचें राहिलें आहे.