बहात्तर तासांचा शब्द

११ जानेवारी २०२४. पहाटेचे चार वाजले असतील-नसतील, फोन खणखणला. अमेरिकेतून भाच्याचा आवाज, "मामा, सेबन गेले!" मी ताडकन उठून बसलो. म्हटलं, कोण बिचारा वारला? तर भाचा म्हणतो, "वारले नाहीत हो, निवृत्त झाले!"

दोस्तांनो, माझा भाचा अलाबामा विद्यापीठात शिकायला होता. टस्कलूसा नावाचं गाव. तिथला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे बरं का. चेंडू लांबुळका, आणि तो पायापेक्षा हातातच जास्त! पण वेड असं की, कॉलेजच्या पोरांचा सामना बघायला एक लाख माणसं स्टेडियममध्ये बसतात. निक सेबन हे त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक. २००७ पासून सतरा मोसमांत त्यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून दिली. पगार? वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त! (आपल्या पी. टी.च्या सरांना हे सांगू नका.)

अशा माणसाच्या जागी कुणाला आणायचं? त्या गावाला याचा जुना चटका होता. पूर्वी तिथे पॉल ब्रायंट नावाचे प्रशिक्षक होते. पंचवीस मोसम, सहा अजिंक्यपदं. सरावाच्या वेळी ते एका उंच मनोऱ्यावर उभे राहून खाली बघायचे. १९८२ च्या डिसेंबरात ते शेवटचा सामना जिंकले आणि महिन्याच्या आतच वारले. नंतर आले रे पर्किन्स. ते ब्रायंट यांचेच जुने खेळाडू, पण त्यांनी तो मनोराच हलवला. लोक चिडले! चार मोसमांत पर्किन्स दुसरीकडे गेले.

या वेळी धास्ती वेगळीच होती. त्या वेळचा नियम असा, की मुख्य प्रशिक्षक गेला तर खेळाडूंना तीस दिवस कॉलेज बदलायची मोकळीक. म्हणजे नवे सर मिळेपर्यंत संघच उरायचा नाही! म्हणून विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख ग्रेग बर्न पोरांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, मला बहात्तर तास द्या. तेवढं थांबा.

हे ऐकलं आणि मला आमची शाळा आठवली. मी सातवीत असताना आमच्या खो-खोच्या सरांची भर वर्षात बदली झाली. खांबावर सूर कसा मारायचा, हे नुकतं कुठे जमायला लागलं होतं. सोमवारी सर आलेच नाहीत. आम्ही पोरं मैदानात चुना टाकून, पाट्या आखून वाट बघत बसलो. शेवटी शिपाईकाकांनी सांगितलं, "अरे, ते गेले." पुढचे दोन महिने कुणी आलं नाही. आमच्यापुढे उभं राहून "थोडं थांबा" एवढं म्हणायलाही कुणी नव्हतं. नऊ जणांतले चार जण खेळ सोडून गेले. म्हणून त्या बहात्तर तासांचं मला फार अप्रूप वाटलं.

बर्न यांनी शब्द पाळला. तीन दिवस व्हायच्या आतच, १२ जानेवारीला, वॉशिंग्टन विद्यापीठाचे केलन डिबोर यांना त्यांनी आणलं. सगळे थांबले का? छे! केलेब डाउन्स हा बचावातला हिरा ओहायो स्टेटला गेला आणि वर्षभराने तिथे राष्ट्रीय विजेता झाला. जेलन मिलरो हा क्वार्टरबॅक मात्र राहिला. मी गेलेल्यांना दोष देत नाही. सर जाऊ शकतात, तर पोरांनी का नाही?

पण वॉशिंग्टनच्या पोरांचं काय? ८ जानेवारीला ती राष्ट्रीय अंतिम सामना खेळून हरली होती. चार दिवसांत त्यांचे सर गेले! मग खो-खोच सुरू झाला. वॉशिंग्टनने ॲरिझोनाच्या जेड फिश यांना उठवलं, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटच्या ब्रेंट ब्रेनन यांना, आणि सॅन होजेवाल्यांनी केन नियुमाटालोलो यांना. एका म्हाताऱ्या सरांनी टस्कलूसात 'खो' दिला आणि पार कॅलिफोर्नियातली पोरं नवे सर शोधत बसली. मला तर या शेवटच्या पोरांचंच जास्त वाईट वाटलं. वर्तमानपत्रांत त्यांच्यासाठी जागाच नव्हती.

आणि डिबोर? पहिल्या मोसमात नऊ विजय, चार पराभव. २००७ नंतर अलाबामा एका मोसमात चारदा हरलं ते पहिल्यांदा तेव्हा. त्यातला एक तर भलताच. ५ ऑक्टोबर २०२४ ला देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या अलाबामाला व्हँडरबिल्टने ४०-३५ असं हरवलं. १९८४ नंतर प्रथमच! व्हँडरबिल्टच्या पोरांना इतका आनंद झाला, की त्यांनी मैदानातला गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेतला, नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून मिरवत नेला आणि थेट कंबरलँड नदीत टाकून दिला.