पायडल त्यांचे, हँडल आपले

सायकल एकदा शिकलेला माणूस ती विसरत नाही, असे आपण सहज बोलून जातो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबाबतही हे बरेचसे खरे असते, हे मला माझ्या वडिलांमुळे, आमच्या अण्णांमुळे कळले. पुणे हे सायकलींचे शहर होते त्या काळात त्यांनी नोकरीची सारी वर्षे सायकलवरून ये-जा केली. अल्झायमरच्या आजारात पुढे नातवाचे नाव त्यांना आठवेना, नुकताच घेतलेला चहा स्मरेना. पण सायकल दिसली की डावा पाय पायडलकडे जाई आणि ते टांग मारू पाहत.

अल्झायमरमध्ये नव्या घटनांची नोंद ठेवणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग आरंभीच झिजू लागतो. सवयीच्या हालचाली मात्र मुख्यतः लहान मेंदू आणि मेंदूच्या गाभ्यातील केंद्रे यांच्या आधारे चालतात. त्या पुष्कळ काळ टिकतात. हरवतात त्या वाटा, अंतराचा अंदाज आणि समोरून वाहन येताच तत्काळ निर्णय घेण्याची शक्ती. म्हणून रहदारीत एकट्याने सायकल चालवणे थांबवावेच लागते. त्यासाठी पायडल मारणेही का थांबवावे?

नेदरलँड्समध्ये ‘डुओफीट्स’ नावाची तीनचाकी वापरतात. दोघे शेजारी शेजारी बसतात, पायडल दोघेही मारतात, दिशा मात्र एकाच्याच हाती असते. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे 2012 साली ओले कासो यांनी वृद्धाश्रमातील रहिवाशांना सायकलरिक्षासारख्या वाहनात पुढे बसवून फिरवण्यास आरंभ केला. त्यातून ‘सायकलिंग विदाउट एज’ ही चळवळ अनेक देशांत पसरली. उपक्रम सुंदरच, तरी मला डुओफीट्स अधिक पटते. ज्याला दिवसभर इतरांनी न्हाऊ-जेवू घालायचे, त्याच्या पायांनी वाहन पुढे जाते, हे काही थोडे नव्हे.

आमच्या आवाक्यात तसे वाहन नव्हते. आम्ही मोठ्यांची साधी तीनचाकी सायकल घेतली. सोसायटीच्या आवारात सकाळी अण्णा पायडल मारतात आणि मी हँडलवर एक हात ठेवून शेजारून चालते. घंटी त्यांच्याकडेच, समोर कोणी असो वा नसो, प्रत्येक वळणावर ती वाजते.

आपण हा प्रयोग करणार असाल, तर प्रथम डॉक्टरांना विचारा. हृदय, दृष्टी, तोल आणि चक्कर आणणारी औषधे, या सर्वांचा विचार हवा. तीनचाकी पडत नाही, हा समज सोडा. वेगात वळल्यास ती कलंडते, आणि दुचाकीची सवय असलेला माणूस वळताना नकळत अंग झुकवतो. चढणे-उतरणे सर्वांत जोखमीचे. तेव्हा ब्रेक घट्ट लावलेला असावा. एका वेळी एकच सूचना द्या: “अण्णा, बसा.” ते बसल्यावरच पुढची. रस्ता रोज तोच, फेरी लहान. खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. नको म्हणाले, तर त्या दिवशी आग्रह नको.

पुढे चढणे जमेनासे होईल तेव्हासाठी खुर्चीसमोर ठेवायचे पायडलचे लहान यंत्र मिळते. तेही आम्ही आणून ठेवले आहे. अजून ते खोक्यातच आहे.