लाल बसची मागची पायरी

मैत्रिणींनो, लंडनला जाऊन आलेल्या बाईकडून तुम्ही काय ऐकायची अपेक्षा कराल ते मला ठाऊक आहे. राणीचा राजवाडा, मेणाचे पुतळे, थेम्स नदी! ते सगळं आम्हीही पाहिलं, फोटोही काढले. पण आज सांगणार आहे ती एका जुन्या बसची गोष्ट. बस ती काय, असं म्हणू नका. घरात जुन्या वस्तू सांभाळणाऱ्या प्रत्येकीला ती आपलीच वाटेल.

२०१३ च्या जूनमध्ये मी, हे आणि सासूबाई असे तिघं मुलीकडे गेलो होतो. ती कामावर निघताना म्हणाली, ‘‘आई, आज ट्रॅफल्गार चौकातून पंधरा नंबरची बस घ्या. त्या रस्त्याला दोन तऱ्हेच्या पंधरा नंबर आहेत. एक नवी आणि एक पन्नास वर्षांची म्हातारी. म्हातारीत बसा.’’

आम्ही थांब्यावर उभे राहिलो आणि आलीच की ती! लालभडक, दुमजली, गुबगुबीत. पुढे एका बाजूला इंजिन आणि दुसऱ्या बाजूला ड्रायव्हरची एकट्याची खोली. मागे दारच नाही! नुसती उघडी पायरी आणि धरायला उभा खांब. माझं माहेर दादरचं. लहानपणी दादरहून म्युझियमला डबलडेकरने जाताना वरच्या मजल्यावरच्या पहिल्या बाकासाठी आम्ही भावंडं भांडायचो. त्यामुळे मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पण सासूबाईंचं काय? त्यांचं वय तेव्हा ७६, गुडघे दुखरे. कंडक्टर खाली उतरला, त्याने हात दिला. ह्यांनी मागून आधार दिला. एकदा पाय उचलला, दोनदा उचलला, पण पायरी काही जमेना. मागे रांग खोळंबलेली. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘‘अगं, तू जा हिच्यातून. तुला हौस आहे. आम्ही दोघं मागच्या गाडीने येतो.’’ मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी मला जवळजवळ ढकललंच. कंडक्टरने दोनदा घंटी दिली आणि बस निघाली.

आत काय पाहिलं ते सांगते. हात लावावा तिथे काम स्वच्छ. खिडक्या हँडल फिरवून वरखाली होणाऱ्या. आतल्या भिंती गडद लाल, खिडक्यांच्या चौकटी हिरव्या, छत पिवळसर. जिन्याखाली एक कोनाडा. त्यात उतारूंनी आपल्या पिशव्या ठेवायच्या आणि तिकिटं काढून झाली की कंडक्टरने तिथेच अंग चोरून उभं राहायचं. बाजार करून येणाऱ्या बाईची सोय कुणीतरी मनापासून पाहिली होती. माझ्या शेजारच्या बाईंच्या मांडीवर भाजीची पिशवी होती. पुढच्या बाकावर कॅमेरे लटकवलेलं एक जोडपं. सहलीची बस असती तर ह्या भाजीवाल्या बाई तिथे दिसल्या असत्या का?

गंमत तीच होती. ही बस काही तमाशासाठी ठेवलेली नव्हती. इतर बसला जे तिकीट तेच हिला, आणि मुलीने दिलेलं कार्डही चालत होतं. ट्रॅफल्गार चौकातून स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्सचं मोठं घुमटाचं चर्च आणि शेवटी टॉवरचा किल्ला. पर्यटकाला लंडन दिसायचं आणि कामाला निघालेल्याचं कामही व्हायचं. त्या वर्षी नऊ नंबरचीही अशीच जुनी गाडी होती. ती केन्सिंग्टनच्या दुकानांवरून, नाइट्सब्रिजवरून जायची.

सेंट पॉल्सजवळ आमची बस सिग्नलला थांबली आणि शेजारी नवी पंधरा नंबर येऊन उभी राहिली. पाहते तर खालच्या खिडकीत सासूबाई! हात हलवताहेत आणि हसताहेत.

टॉवरपाशी भेटलो तेव्हा त्या खुशीत होत्या. नवी बस थांब्यावर येऊन म्हणे एका बाजूला खाली झुकली, आणि त्या उंबरठा ओलांडावा तशा आत गेल्या. चाकांच्या खुर्चीतला एक तरुण मुलगाही फळीवरून आत आला. मला म्हणाल्या, ‘‘तुझी बस बघायला छान आहे गं. माझी बसायला छान.’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

ह्या बसचं नाव रूटमास्टर. १९५६ मध्ये ती पहिल्यांदा उतारूंना घेऊन धावली आणि १९६८ पर्यंत एकूण २,८७६ गाड्या बांधल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या ह्याच वाहतूक खात्याच्या कारागिरांनी बॉम्बफेकी विमानं बांधायला हात लावला होता. ॲल्युमिनियमचं ते काम त्यांनी बसला वापरलं. त्यामुळे गाडी हलकी झाली आणि गंजाचा त्रास कमी झाला. त्याहून शहाणपणाची गोष्ट म्हणजे तिचे भाग सुटे होतील आणि एकीचे दुसरीला बसतील असे केले होते. आल्डनहॅम गावी मोठा कारखाना होता. तिथे बस आली की वरची पेटी वेगळी, खालचं यंत्र वेगळं करायचे. दुरुस्त होऊन निघताना पेटी एकीची आणि यंत्र दुसरीचं असंही व्हायचं. कळलं ना? मिक्सरचं भांडं फुटलं म्हणून अख्खा मिक्सर टाकावा लागू नये, तसंच हे. जी वस्तू उघडता येते ती दुरुस्त होते आणि जी दुरुस्त होते ती टिकते. एकेक गाडी चाळीस-चाळीस वर्षं चालली ती ह्याच कारणाने.

तरी तिला निवृत्त व्हावं लागलं. कंडक्टरचा वेगळा पगार, मागच्या उघड्या पायरीवरचे अपघात ही कारणं होतीच. पण सर्वांत मोठं कारण सासूबाईंसारख्यांचं. बाबागाडीवाल्या आईला, काठीवाल्या आजीला, चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला जी बस घेत नाही, ती सगळ्या गावाची बस कशी म्हणायची? ९ डिसेंबर २००५ ला १५९ नंबरच्या रस्त्यावर रूटमास्टरची नेहमीची सेवा संपली. रस्त्यावर निरोपाला गर्दी लोटली होती.

मात्र त्याआधीच, नोव्हेंबर २००५ मध्ये, लंडनकरांनी एक तोड काढली होती. नऊ आणि पंधरा ह्या दोन रस्त्यांच्या मधल्या तुकड्यावर डागडुजी केलेल्या थोड्या रूटमास्टर ठेवायच्या, आणि त्याच रस्त्यावर नव्या बसही चालवायच्या. म्हणजे हौस जुनीने भागवायची, सोय नवीने पाहायची. एकाच घरात पितळी घंगाळही आहे आणि गिझरही आहे, तसं. मला ही तोड फार आवडली. आम्ही दोघी एकाच वेळी, एकाच रस्त्याने, एकाच नंबरच्या बसने गेलो, आणि कुणीही मागे राहिलं नाही!

पण मैत्रिणींनो, पुढचं ऐकून वाईट वाटेल. २०१४ च्या जुलैत नऊ नंबरची म्हातारी बंद झाली. पंधरा नंबर मात्र नेटाने चालत होती. २०१९ मध्ये तिला फक्त उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी काढायचं ठरलं. मग महामारी आली, पैशाची ओढाताण झाली, आणि २०२१ मध्ये ती आता परत येणार नाही असं जाहीर झालं.

मला विचाराल तर ती खरी संपली २०१९ मध्येच. जोवर भाजीवाली बाई त्यात बसत होती तोवर ती बस होती. सणासुदीपुरती झाली आणि मग खर्चाच्या वहीत ती पहिल्यांदा खटकू लागली. आपल्या घरीही असंच होतं ना? आजीचा पुरणयंत्राचा साचा वर्षातून दोनदा निघतो. मग एकदा, मग माळ्यावर जातो, आणि घर बदलताना मोडीत.

आपल्या मुंबईत काय झालं? १९३७ मध्ये सुरू झालेली डबलडेकर. तिच्या जुन्या धर्तीच्या, डिझेलवरच्या शेवटच्या गाड्या १५ सप्टेंबर २०२३ ला थांबल्या आणि पर्यटकांसाठीच्या उघड्या छपराच्या गाड्या त्याच ऑक्टोबरच्या ५ तारखेला. त्यांची ठरलेली पंधरा वर्षांची मुदत भरली होती. शेवटच्या दिवशी लोकांनी फुलांच्या माळा घातल्या, डोळे पुसले. मीही घरी बसून पुसले. पण मग स्वतःलाच विचारलं, ‘‘बाई, गेल्या दहा वर्षांत त्या बसमध्ये किती वेळा बसलीस?’’ एकदाही नाही. मुंबईला गेले की टॅक्सी! मग कुणाच्या नावाने रडायचं?

विजेवर चालणाऱ्या, गार हवेच्या नव्या डबलडेकर त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून मुंबईत धावू लागल्या. सुटीत मुंबईला गेलात तर मुलांना त्यात नक्की बसवा. वरचा मजला, पहिला बाक! घाईच्या वेळा सोडून दुपारी जा, म्हणजे जागा मिळेल. आणिक आगारात बेस्टचं वाहतूक संग्रहालय आहे. ट्रामपासूनचा सगळा इतिहास तिथे मांडला आहे. आधी वेळ विचारून जा.

आणि लंडनला जायचा योग आलाच, तर कोव्हेंट गार्डनच्या वाहतूक संग्रहालयात रूटमास्टर पाहायला मिळेल. खाजगी मालकांनी अशा शेकडो गाड्या जपल्या आहेत. लग्नाच्या वऱ्हाडाला त्या भाड्याने मिळतात, काहींत चहा-केक देत शहर फिरवतात. पण बरोबर कुणी गुडघेदुखीचं माणूस असेल तर पायरीची उंची आधी पाहून ठेवा.

सासूबाई आज नाहीत. त्यांच्या पितळी डब्यात मी रोजची डाळ ठेवते. दिवाणखान्यात मांडला असता तर शोभून दिसला असता, असं परवा एक पाहुणी म्हणाली. मी म्हटलं, ‘‘शोभेल हो, पण मग त्याला रोज हात कोण लावणार?’’